मांजरवाल्या आजोबाला काढायचंय

२० मे, बुधवार. उजाडायच्या आत.

रातभर डोळ्याला डोळा न्हाई. आर्वी झोपली, तिचा बाप झोपला, गल्लीतलं कुत्रं सुदिक झोपलं. मी जागी. कारन एका म्हाताऱ्याला खोलीतनं बाहेर काढायचंय आन् माझा हात हुईना.

म्हातारा मोबाईलमधला हाय. बिल्डिंगचा गेम हाय. आर्वी झाल्यावर मला सारखी भीती वाटायची तवा माझ्या नवऱ्यानं, वैजूनं, टाकून दिल्ता, मन रमावं म्हनून. त्यात मी मालकीन. भाडेकरू ठिवायचे, नळ नीट करायचे, रंग द्यायचा. भाडेकरूच्या डोक्यावर तोंड येतं. हिरवं तोंड म्हंजी खूश. लाल तोंड म्हंजी तक्रार. लाल तोंडं वाढली की बिल्डिंगचा स्टार जातो. मंग बॅगचं चित्र हाय ते लाल बटन दाबायचं. मानूस बॅग घिऊन चालाय लागतो. संपलं. सगळं इंग्लिशमधी हाय, पन मी चित्रावरनं चालते.

तिसऱ्या मजल्यावर हा आजोबा. त्याच्याकडं मांजर. मांजर वरडतं, शेजारच्यांची तोंडं लाल. चूक आजोबाचीच हाय. मी मालकीन हाय, मला कडक राह्यला पायजे. आज काढते.

काल संध्याकाळी आमच्या खऱ्या घरमालकीन लंकाबाई खालनं वरडल्या, ज्ञानू, सवडीनं खाली ये, बोलायचंय तुझ्याशी. त्याचं मी टेन्शन घेतलं न्हाई. झोप आजोबामुळंच गेली.

ही वही दवाखान्यातल्या नर्सताईंनी सांगितली म्हनून. त्या म्हन्ल्या, भीती वाटली की लिहून काढायची, कुनाला दावायची न्हाई, म्हंजी खरं लिहिलं जातं. मी सातवीपोत शिकले, लिहिता येतं. वही गव्हाच्या कोठीत ठिवते, पार गव्हाच्या आत. तिथं कोन हात घालतंय.

दुपारी.

खाली गेले न्हाई. आर्वीला शी झाली.

संध्याकाळी.

खाली गेले न्हाई. लंकाबाई मिश्री लावत हुत्या. मिश्री लावताना मानसाला बोलता येत न्हाई, उगं कशाला तरास द्यायचा.

आजोबाला काढलं न्हाई. सनासुदीचं काढू नये. आज काय सन न्हाई, पन कुठंतरी असंलच.


२१ मे, गुरुवार

मला कशाकशाची भीती वाटते ते नर्सताईंनी लिहायला सांगितलंय. गॅसची टाकी. पाल. आर्वी लई वेळ गप झोपली तर. आर्वी लई वेळ रडली तर. आमचा जिना, त्याला कठडा न्हाई. लंकाबाई.

बाकी कशाची न्हाई. म्हंजी मी तशी धीटच हाय.

लंकाबाईंचा मालक मिल्ट्रीत स्वयंपाकी हुता. म्हनून हितं छावनीजवळ भिंगारमधी घर बांधलं. मालक वारला, पोरगा पुन्याला. खाली त्या आन् त्यांची मनी मांजर, वर गच्चीला लागून आमची खोली. त्यांचा आवाज असा हाय की साधं चहा झाला का इचारलं तरी वाटतं पोलिसांनी इचारलंय. भाडं वैजू पगाराच्या दिवशीच देतो, त्यामुळं त्याचं काय बोलनं असायचं न्हाई. मंग काय बोलायचं असंल? आर्वीच्या रडन्याचं. दुसरं काय न्हाई. आता दात येत्यात, लई भोकाड पसरती. आमी त्यांच्या डोक्यावर राहतो. म्हंजी त्यांचं तोंड लाल झालं असनार.

गेम खेळून मला मालकिनीच्या मनातलं कळाय लागलंय. हा लई मोठा फायदा हाय. शाळेत असलं शिकवत न्हाईत.

तवर दुकानात जाता-येताना चपला हातात घिऊन जिना उतरते. आर्वीच्या पायातले वाळे काढून ठिवले, घुंगरं वाजत्यात. हे घाबरून न्हाई. सावध राह्यचं म्हनून.

आनखी एक लिहायचं. सध्या धोंड्याचा महिना हाय. तीन वर्सातनं एकदा येतो. लेकीला आन् जावयाला माहेरी बोलवत्यात, पुरन भरून धोंडे करत्यात, जावयाला कपडे, लेकीची ओटी. लग्नानंतरचा आमचा पैलाच. आई गेल्यावर माहेरी दादाच. गोरक्षदादा संगमनेरकडं ऱ्हातो, डेअरीला दूध घालतो टेम्पोनं. त्यानं फोन केला, औंदा न्हाई जमत म्हन्ला, म्हशी आजारी हायत. मला काय वाईट वाटलं न्हाई. म्हशी महत्त्वाच्या. वाईट वाटन्यासारखं त्यात काय हाय.

उसाचा रस प्यावा वाटतोय. आलं घातलेला. कुनाला सांगनार.


२४ मे, रविवार

वैजू लई मनकवडा मानूस हाय. सुट्टी म्हनून सकाळी गहू काढून गिरनीत गेला, येताना पिशवीत रस. आलं घातलेला. मी तोंडातनं शब्द काढला नव्हता. मी म्हन्लं, तुमाला कसं कळलं? तर हसला आन् म्हन्ला, चेहऱ्यावर लिहिलंय.

असा नवरा मिळायला नशीब लागतं.

त्यानं आर्वीचे वाळे पन शोधून पायात घातले. म्हन्ला पोरीचं पाय ओकेबोके दिसत्यात. तो गेल्यावर मी परत काढले.

आन् म्हन्ला, जरा खाली जाऊन ये, ती काय तुला खात न्हाई. म्हन्लं जाते. उद्या जाते.

आजोबाला बटनापोत नेलं. बोट ठिवलं. आजोबानं तेवढ्यात हात हलवला. गेममधी सगळेच हात हलवत्यात, मला म्हाईत हाय. तरी आज ऱ्हाऊ दिलं.


२५ मे, सोमवार

नवा प्लॅन. गेममधी हिरव्या तोंडाच्या भाडेकरूला कोन काढत न्हाई, हे मला कळलंय. आन् मालकिनीचं तोंड हिरवं असंल तर ती कुनालाच काढत न्हाई, हे मी स्वताच्या डोक्यानं काढलं. म्हनून लंकाबाईंचं तोंड हिरवं करायचं. त्यांच्याशी न बोलता.

सकाळी त्या देवळात गेल्या तवा अख्खा जिना झाडला. वरनं खाली. लई धूळ निघाली.

खाली त्यांच्या लाल मिरच्या वाळत घातलेल्या हुत्या. हे मी झाडून झाल्यावर बघितलं.

मिरच्या फुकून काढाय गेले तर शिंका. शिंका ऐकून मनी पळाली, ती पळताना ताकाचं भांडं सांडून गेली. मी वर येऊन दार लावलं.

त्या आल्यावर बराच वेळ खालनं आवाज येत हुता. मनीला बोलत हुत्या. म्हंजी माझ्यावर संशय न्हाई. प्लॅन तसा बरा झाला.


२७ मे, बुधवार

आज लंकाबाईंनी मला गाठलंच. गच्चीवर कुरडया घालाय आल्त्या, मी कपडे वाळत घालत हुते, पळायला जागा नव्हती. वाटलं आता बोलत्यात. पन त्यांच्या सोऱ्यात चीक निवत हुता, घाई हुती. एवढंच म्हन्ल्या, कावळ्यांकडं ध्यान ठिव, मी देवळात कीर्तनाला जाती. मंग बोलू.

मंग बोलू म्हंजी बोलायचं हायच.

पन बघा, माझ्यावर विश्वास टाकला. ह्याच्यात तोंड हिरवं करायची संधी हाय हे मी वळखलं. टाकीच्या सावलीत आर्वीला मांडीवर घिऊन बसले. कावळ्याकडं ध्यान. मधी एकदाच मोबाईल बघितला, कारन वरच्या मजल्यावर नळ गळत हुता.

नळ नीट करून वर बघते तर कावळेच कावळे. पाव्हन्यावानी रांगेनं बसलेले.

हाकलले. पन कुरडयांमधी मोठाली भगदाडं दिसाय लागली. मी डोकं लावलं. सगळ्या कुरडया गोळा करून डब्यात भरल्या, म्हंजी किती हुत्या किती गेल्या कळनार न्हाई. म्हननार ऊन लई हुतं, लवकर वाळल्या.

वाळल्या नव्हत्या. संध्याकाळी डबा उघडला तर सगळ्यांची मिळून एकच कुरडई झाली हुती. डब्याच्या आकाराची. पालथा केला तरी निघंना. चमच्यानं काढली. दिवानखाली ठिवलीय.

लंकाबाईंना खिडकीतनं सांगितलं, तुमच्या कुरडया मी नीट ठिवल्यात. खोटं काय हाय त्यात.


२९ मे, शुक्रवार

रंगवाला आला.

मी खिडकीतनं बघितलं. लंकाबाई त्याला दाराची चौकट दावत हुत्या, मंग जिना, मंग बोट वर केलं. आमच्या खोलीकडं. तो मान डोलवत हुता.

गेममधी खोली दुसऱ्याला द्यायची असली की आधी रंगाचा डबा येतो, मंग बॅगचं बटन पेटतं. कायम. ह्यात बदल झालेला मी अजून बघितला न्हाई.

आर्वीला भात भरवताना दोनदा माझ्याच तोंडात घातला.

एवढ्या-एवढ्या पोरीला घिऊन कुठं जायचं? हितनं दवाखाना जवळ हाय. वैजूची कंपनीची गाडी कोपऱ्यावर येते. आर्वीला खिडकीतनं मनी दिसली की ती रडायची थांबती. खोली लहान हाय, उन्हाळ्यात पत्रा तापतो, पन मला हिच्यात झोप लागती. म्हंजी लागायची.

वैजूला म्हन्लं, रंग कशाला देत्यात? तो म्हन्ला, पाव्हने यायचे असतील. आन् तिकडं तोंड करून हसला. त्याला ह्यातलं काय कळत न्हाई. तो गेम खेळत न्हाई ना.

ठरवलं. उद्या सरळ खाली जायचं आन् तोंडावर इचारायचं, मावशी, आमचं काय चुकलं?


३० मे, शनिवार

खाली गेले न्हाई. रंग वला हुता.


३१ मे, रविवार

वैजूनं गिरनीतनं आल्यावर नायलॉनची दोरी आनली आन् जिन्याला वरपास्नं खालपोत बांधली, धरायला. मी कधी बोलले नव्हते त्याला की मला जिन्याची भीती वाटते. मी म्हन्लं, परत चेहऱ्यावर लिहिलं हुतं का? म्हन्ला, व्हय, बारीक अक्षरात.

दिवानखाली वाकून बघत हुता सकाळी. म्हन्ला चप्पल शोधतोय. कुरडई दिसली असंल का? खांदे हलत हुते त्याचे.

परत तेच. जरा खाली जाऊन ये गं, म्हातारी रोज मला इचारती. मी इचारलं, काय बोलायचंय तिला, तुमाला म्हाईत हाय का? तर म्हन्ला, तिनं मला शपथ घातलीय, ते बाईनं बाईलाच सांगायचं असतं.

बाईनं बाईलाच. म्हंजी त्याच्या तोंडावर खोली खाली करा म्हनायला तिला पन अवघड वाटतंय.


२ जून, मंगळवार

आता शंका ऱ्हायली न्हाई.

दुपारी कपडे काढाय गेले तर लंकाबाई आधीच गच्चीवर. आमच्या दोरीवरनं वैजूचा शर्ट काढला हुता. काढून वितीनं मोजत हुत्या. पाठ, हात, कॉलर. मी टाकीमागं बसले. त्यांनी शर्ट परत टाकला आन् गुडघ्याला हात लावत खाली गेल्या. शर्ट मोजला म्हंजी सामान किती हाय ते मोजायची सुरवात केली.

मंग संध्याकाळी त्या बाजारातनं आल्या. पिशवीतनं काय डोकावत हुतं? नारळ. आन् हिरवा खन.

आमच्या आधी ह्या खोलीत मोनिका म्हनून हुती. तिच्या मालकाला सुप्याला नोकरी लागली तवा त्यांनी खोली सोडली. जायच्या दिवशी लंकाबाईंनी तिची ओटी भरून पाठवली हुती. हिरवा खन आन् नारळ. हे मला समोरच्या बानूभाभीनं सांगितलंय. लंकाबाई तशा रीतीच्या हायत. भाडेकरीन बाई मोकळ्या ओटीनं जिन्यावरनं उतरू देत न्हाईत.

म्हंजी नारळ आला. आता बॅग.

लई रडले. मंग रडून झाल्यावर राग आला. म्हन्लं, एवढ्या रीतीनं काढतीय म्हातारी आन् मी हितं एका आजोबाला धा-बारा दिस काढू शकत न्हाई? मालकीन कशी असती ते मला जमलंच पायजे. डोळे मिटले आन् बटन दाबलं.

आजोबा गेला. बॅग एका हातात, मांजर काखंत. मान खाली.

जमलं मला. आता मला कुनाची भीती न्हाई.


३ जून, बुधवार

झोप न्हाई. आजोबा कुठं गेला असंल?

त्याच्या खोलीत नवा भाडेकरू आला. ढोल वाजवतो. सगळ्या मजल्यांची तोंडं लाल. एक स्टार गेला.

सकाळी मनी खिडकीत आली, आर्वी हसली, आन् मीच भोकाड पसरलं.


४ जून, गुरुवार

आज मोठा निर्नय घेतला. मला लई हलकं वाटतंय.

त्यांनी काढायच्या आत आपनच जायचं. म्हंजी कुनी काढलं असं हुनार न्हाई. ताठ मानेनं. ओटी-बिटी न घेता.

दादाला फोन केला. मी शांतपनानं सांगनार हुते, पन दादाचा आवाज आल्यावर जरा रडू आलं. त्यामुळं त्याला नीट कळलं न्हाई. मी म्हन्लं लंकाबाई शर्ट मोजत्यात, खन आनलाय, आजोबा पन गेला. त्यानं इचारलं कोन आजोबा गेला? मी म्हन्लं तिसऱ्या मजल्यावरचा. तो म्हन्ला तुमाला तिसरा मजला कधी झाला? मंग मी म्हन्लं, दादा, आमाला बाहेर काढत्यात, पोरीला घिऊन मी कुठं जाऊ.

हे त्याला कळलं. मंग म्हन्ला, तुला धोंड्याला बोलवलं न्हाई म्हनून देवानं मला हे दावलं. रविवारी दूध घातलं की टेम्पो घिऊन तसाच येतो, बरोबर तालमीतली दोन पोरं घेतो. बघतो कोन माझ्या बहिनीला बाहेर काढतंय. त्या म्हातारीला सांगून ठिव.

मी म्हन्लं पोरं नको आनू. पन फोन ठिवला हुता त्यानं.

परत फोन करून सांगायचं हुतं. पन तो चिडल्यावर लई वरडतो. उद्या शांत झाला की करीन.

वैजूला सांगितलं न्हाई. त्याला रविवारीच कळंल, सरप्राईज.


५ जून, शुक्रवार

दादाला फोन केला न्हाई. रेंज नव्हती. हुती, पन कमी हुती.

भांडी जुन्या लुगड्यात बांधाय घेतली. पातेली आत, ताटं बाहेर. आर्वीला वाटलं खेळ हाय, ती सोडती, मी बांधते. खालनं तांदूळ कुटल्याचा आवाज येतोय, अनारशाचा असावा. कुनाचंतरी नशीब.

बिल्डिंगचा दुसरा स्टार गेला. ढोलवाल्याला काढायला पायजे. न्हाई काढत. आता मी कुनालाच काढनार न्हाई.


६ जून, शनिवार. रातच्याला.

सगळं लिहिते.

दुपारी लंकाबाई वर आल्या. दोरी धरून, मधी मधी थांबत. मी पावलं ऐकली. दार लावून गप बसले. आर्वीच्या तोंडावर हात ठिवला तर ती हसायलाच लागली. बाहेरनं आवाज आला.

"ज्ञानू, दार उघड. माझे गुडघे गेलेत, मला जिन्यावर बसवू नको."

उघडलं. त्यांच्या हातात हळदी-कुंकवाचा करंडा. मागनं मनी. त्या आत आल्या आन् गाठोड्यांकडं बघत बसल्या. म्हन्ल्या, कुठं निघालीस? मी म्हन्लं, साफसफाई. म्हन्ल्या, पातेली लुगडं नेसवून साफ करत्यात व्हय तुमच्यात?

त्यांनी मला खाली बसवलं, कपाळाला कुंकू लावलं, हातावर अक्षता दिल्या आन् म्हन्ल्या, उद्या दुपारी तू आन् वैजनाथ खाली जेवायला, धोंड्याचं. पंधरा दिस झाले तुला बोलवतीय, तुझ्या नवऱ्याला शपथ घालून गप बसवलंय, कारन बोलावनं लेकीला द्यायचं असतं, जावयाला न्हाई. तर तू चपला हातात घिऊन माझ्या दारावरनं पळतीस. मला वाटलं मी काय भूत हाय का काय.

मला कळंना. मी म्हन्लं, मावशी, पन आमी तर भाडेकरू.

"मला लेक न्हाई," त्या म्हन्ल्या. "औंदा वान कुनाला देऊ? मनीला?"

मंग एकेक उलगडत गेलं. रंग हुता ते जावई येनार म्हनून, बोट वर केलं ते जावई कुठं ऱ्हातो हे रंगवाल्याला दावायला. शर्ट वैजूच्या नव्या शर्टाच्या मापासाठी. खन-नारळ माझ्या ओटीचा. अनारसे आमचे. मी रडाय लागले. त्या म्हन्ल्या, रडायचं असंल तर रड, पन दिवानखाली ते काय हाय, घरटं?

कुरडई हुती. सगळं सांगितलं. त्यांनी ती उलटीपालटी केली, वास घेतला आन् म्हन्ल्या, मोठी कढई काढती, अख्खीच तळू, जावयाच्या ताटात दुसरं काय वाढायला नको.

तेवढ्यात मोबाईलमधनं ढोल वाजला. त्या म्हन्ल्या हे काय? मी बिल्डिंग दावली. तोंडं, स्टार, बटन, सगळं समजावलं. आजोबाला काढलं ते पन सांगितलं. जरा अभिमानानंच सांगितलं खरं म्हंजी.

त्यांनी इचारलं, का काढलं? म्हन्लं, त्याचं मांजर वरडायचं.

त्यांनी मनीकडं बघितलं, मंग आर्वीकडं बघितलं, मंग माझ्याकडं.

"माझ्या डोक्यावर तुझी पोरगी रातभर वरडती. मी दाबलं का बटन?"

मला वर बघवंना. त्यांनी माझ्या हातातनं मोबाईल घेतला. म्हन्ल्या, बघू दे, म्हाताऱ्याला परत आनता येतोय का. आन् मोबाईल घिऊन खाली गेल्या. जाताना आर्वीचे वाळे तेवढे माझ्या हातात दिले, म्हन्ल्या, फडताळावर धूळ खात पडलेत, घाल पोरीला. घुंगरं वाजली की मला कळतं तुमी जाग्या हायत, बरं वाटतं.

त्या गेल्यावर मला दादा आठवला.


७ जून, रविवार. सकाळी सकाळी.

मोबाईल अजून खालीच हाय. दोनदा मागाय गेले. लंकामावशी चष्मा लावून चुलीजवळ बसल्यात, एका हातात पुरनाचा चमचा, एका हातात मोबाईल. त्यांना अक्षर वाचता येत न्हाई, तरी आजोबा सापडला. बिल्डिंगसमोर झाडाखाली बाकडं हाय, त्यावर बॅग आन् मांजर घिऊन बसलेला हुता. पाच दिस. मी एकदा पन तिकडं बघितलं नव्हतं. त्यांनी त्याला परत खोली दिली. ढोलवाल्याला तळमजल्यावर नेला. येईल त्याला खोली देत्यात, कुनाला न्हाई म्हनत न्हाईत, गच्चीवर पन मानसं ऱ्हातात आता. एक बी स्टार ऱ्हायला न्हाई. तोंडं मातर सगळी हिरवी, हे कसं झालं मला कळलं न्हाई. मी मोबाईल मागितला तर म्हन्ल्या, थांब गं, एकीला नळ पायजे.

दादानं आत्तापोत दूध घातलं असंल. टेम्पो आन् तालमीतली पोरं घिऊन तो निघंल. दुपारी हितं पंगत बसनार आन् त्याच टायमाला तो येऊन लंकामावशींवर वरडनार. त्या पुरनाचा चमचा घिऊन उठतील. नव्या रंगाच्या दारात. असं झालं तर त्या आमाला खरंच काढतील, आन् मी त्यांच्या जागी असते तर मीच काढलं असतं.

वैजूला तोंडानं सांगायला पायजे. हिंमत हाय माझ्यात. पन काल राती त्याला म्हन्ले, मला पैल्यापास्नं म्हाईत हुतं लंकामावशी चांगल्या हायत, मी काय घाबरले नव्हते. आता टेम्पोचं कसं सांगू? आन् दादाशी मीच बोलायचं तर तो वरडनार, आर्वी दचकंल.

एक गोष्ट मगाशी ध्यानात आली. वही काढली तर मधल्या पानात पिठाचं बोट उमटलेलं. दुसरीकडं गव्हाचे दाने. आन् जिथं मी उसाचा रस लिहिलं हुतं, तिथं पानाला रसाचा डाग.

कोठीतले गहू गिरनीत कोन नेतं, हे मी आत्ता डोक्यात आनत न्हाई. नर्सताई म्हन्ल्या हुत्या कुनी वाचायची न्हाई, म्हंजी कुनी वाचत नसनारच. आज रविवार हाय. वही गव्हाच्या आत न ठिवता वर ठिवते, एवढंच.

तर जो कोन हे वाचत असंल, मला म्हाईत न्हाई कोन ते, त्यानं आधी गहू खाली ठिवावेत आन् माझ्या दादाला फोन करावा. म्हनावं, कुनी कुनाला काढत न्हाई, ज्ञानूचं चुकलं, असं न्हाई म्हनायचं, ज्ञानूला नीट कळलं नव्हतं असं म्हनायचं. पोरांना घरी सोड. तू मातर ये, जेवायला ये, लंकामावशींसाठी दूध आन. वरडला तर फोन जरा लांब धरावा. नंबर तुमच्याच मोबाईलमधी हाय, 'मेव्हना संगमनेर' म्हनून सेव्ह केलाय.